एअरोबारवरची नळीची बाटली आणि सायकलवरचे खाणेपिणे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि 42.2 किलोमीटर धावणे असते, आणि या तिन्हींपैकी निवांतपणे काही पोटात घालता येते ते फक्त सायकलवर. पोहताना तो प्रश्नच येत नाही, आणि धावताना पोट इतके हिंदकळते की सायकलवर सहज पचणारे जेलही (पुडीत मिळणारे कर्बोदकांचे दाट मिश्रण) तिथे नकोसे होते. मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरला पाय चालणार की नाही, याचा निकाल बऱ्याच अंशी सायकलवरच लागलेला असतो. हे मला पुस्तकी अर्थाने आधीपासून माहीत होते. अंगवळणी पडायला मात्र हे आठ महिने लागले.

आठ महिन्यांपूर्वी मी दोन बदल केले. एअरोबारच्या (पुढे वाकून कोपरे टेकवता यावेत म्हणून हँडलवर बसवलेल्या जोडणीच्या) दोन दांड्यांमध्ये बसणारी, वर नळी असलेली 800 मिलिलिटरची बाटली घेतली, आणि पाणी व कर्बोदके एकाच बाटलीत कालवून नेण्याची जुनी सवय सोडून दोन्ही वेगवेगळी नेऊ लागलो. या काळात अर्ध्या अंतराची एक स्पर्धा, पूर्ण अंतराची एक स्पर्धा आणि चार तासांहून लांब अशा तीसेक सराव राइड झाल्या. बाटलीच्या खोक्यावर वाऱ्याचा विरोध कमी होण्याची गोष्ट ठळक अक्षरांत छापलेली होती. मला उपयोग झाला तो नळी तोंडासमोर असण्याचा.

पूर्वी चौकटीवरच्या बाटलीसाठी दर वेळी एक हात एअरोबारवरून काढून खाली वाकावे लागे. दर दहा मिनिटांनी एकदा प्यायचे ठरवले, तर सहा तासांत हे छत्तीस वेळा करायचे. प्रत्यक्षात तिसऱ्या तासानंतर हिशेब कोलमडे, कारण समोरून वारा असला किंवा पुढे वळण असले की ‘पुढच्या किलोमीटरला पिऊ’ असे मनात येई, आणि तो पुढचा किलोमीटर कधी उगवत नसे. नळी हनुवटीखाली आल्यापासून हे टाळाटाळ करणे जवळजवळ थांबले. मान किंचित झुकवली की पाणी मिळते, हात जागचे हलत नाहीत, नजर रस्त्यावरून ढळत नाही. घरी परत आणलेल्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या हा माझा जुना आजार होता, आणि तो पहिल्याच महिन्यात बरा झाला.

दुसऱ्या महिन्यात त्याच सोयीची उलटी बाजू कळली. नळी समोर असली की माणूस तहान नसतानाही चोखत राहतो. एका थंड, ढगाळ सकाळी पाच तासांच्या राइडमध्ये मी साडेचार लिटर पाणी प्यायलो, आणि परत येऊन वजन केले तर ते निघतानापेक्षा 700 ग्रॅम जास्त भरले. घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला होता, डोके जड होते आणि मळमळत होते. पाणी कमी पडले असावे असे समजून मी आणखी एक पेला भरून घेतला होता. वजनकाट्यावरचा आकडा पाहून तो तसाच खाली ठेवला. रक्तातील सोडियमचे प्रमाण लिटरला 135 मिलिमोलच्या खाली गेले की त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात, आणि लांब पल्ल्याच्या स्पर्धांमध्ये त्याचे मुख्य कारण गरजेपेक्षा जास्त पाणी पिणे हेच असते. मळमळ आणि डोकेदुखी ही लक्षणे पाणी कमी पडल्यावरही दिसतात, त्यामुळे त्रास होणारा माणूस आणखी पितो, आणि पुढे गोंधळलेपण, झटके, क्वचित जिवावर बेतण्यापर्यंतही मजल जाऊ शकते. बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नव्हती, ही माझी त्या निर्मात्याविषयीची पहिली तक्रार आहे.

तेव्हापासून मी अंदाजावर विसंबणे सोडले आणि घाम मोजू लागलो. राइडपूर्वी व राइडनंतर अंग कोरडे करून, शक्यतो कपड्यांविना वजन करायचे. घटलेल्या वजनात प्यायलेले पाणी मिळवायचे, मध्ये लघवी झाली असल्यास ती वजा करायची आणि आलेल्या आकड्याला तासांनी भागायचे. एका उन्हाच्या दिवशी दीड तासात वजन 71.4 वरून 70.3 किलोवर आले आणि मी 600 मिलिलिटर पाणी प्यायलो होतो, म्हणजे एकूण 1.7 लिटर घाम गेला, तासाला सुमारे 1.1 लिटर. थंड दिवशी तोच आकडा तासाला 600 मिलिलिटरवर येतो. एकाच माणसाच्या बाबतीत हवेनुसार इतका फरक पडत असेल, तर ‘तासाला एक बाटली’ हा सर्वांना दिला जाणारा सल्ला किती तोकडा आहे हे वेगळे सांगायला नको. गेलेला सगळा घाम सायकलवरच भरून काढण्याचा हट्टही मी आता धरत नाही. उन्हात तासाला 750 ते 800 मिलिलिटर घेतो, थंडीत तहानेपुरते.

खरा फायदा पाणी आणि कर्बोदके वेगळी करण्यात आहे, आणि पुढची बाटली नसती तर ते मला जमले नसते. दोन्ही एकाच बाटलीत असली की ऊन वाढल्यावर पाण्यासाठी जास्त प्यावे लागते आणि त्याबरोबर नको तितकी साखरही पोटात जाते. गारवा असला की पाणी कमी प्यायले जाते आणि इंधनही कमी पडते. माझ्यापुरता हिशेब असा आहे. सरासरी 180 वॅटने तासभर सायकल चालवली की पेडलवर 648 किलोज्यूल काम होते, आणि शरीराच्या कार्यक्षमतेचा विचार करता त्यासाठी जवळपास 650 किलोकॅलरी खर्ची पडतात. तासाला 80 ग्रॅम कर्बोदके घेतली तर 320 किलोकॅलरी मिळतात, म्हणजे खर्चाच्या निम्म्याही नाहीत. उरलेला भार चरबी आणि साठवलेले ग्लायकोजेन (शरीरातला कर्बोदकांचा साठा) उचलतात, आणि त्या ग्लायकोजेनमधले जेवढे धावण्यासाठी शिल्लक राहील तेवढे बरे.

आतड्यात ग्लुकोज शोषून घेणारे वाहक प्रथिन तासाला साधारण 60 ग्रॅमला थकते. फ्रुक्टोज मात्र वेगळ्या वाहकाने आत जाते, त्यामुळे दोन्ही मिळून 90 ग्रॅमपर्यंत जाता येते. क्रीडापोषणाचे संशोधक आस्कर यूकेनड्रुप यांच्या प्रयोगांमुळे हे खेळाडूंमध्ये सर्वमान्य झाले, आणि अलीकडे काही जण त्याही पुढे जातात. मी 200 ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजच्या साखळ्यांची पूड) आणि 100 ग्रॅम फ्रुक्टोज 750 मिलिलिटरच्या एका बाटलीत विरघळवतो. आधी कोमट पाणी घालून मग पूड तीन हप्त्यांत टाकावी. उलट केले तर तळाशी चिकट गोळा बसतो आणि तो चमच्यानेही निघत नाही. हे मिश्रण पाकासारखे दाट असते, म्हणून त्याच्या प्रत्येक घोटावर नळीतले साधे पाणी दोन-तीन घोट घ्यावेच लागते, नाहीतर ते पोटात दगडासारखे पडून राहते. बाटलीवर मार्करने चार रेघा ओढल्या आहेत, एक रेघ एका तासाची. उरलेल्या दोन तासांसाठी टॉप ट्यूबवरच्या (चौकटीच्या वरच्या दांडीवरच्या) डबीत सात जेल असतात. पोहून आल्यावर पहिली वीस मिनिटे फक्त पाणी, आणि त्यानंतर सायकलच्या संगणकावर दर पंधरा मिनिटांनी वाजणारी आठवण. चढावर ती वाजली तर मी माथ्यापर्यंत थांबतो, कारण धाप लागलेली असताना दाट पाक गिळणे हा ठसक्याला दिलेला आवतण आहे.

80 ग्रॅमपर्यंत पोहोचायला मला दहा आठवडे लागले. सुरुवात 50 ग्रॅमवरून केली आणि दर दोन आठवड्यांनी थोडे वाढवले. 70 वर दोनदा पोट फुगले, आणि तेथे महिनाभर थांबावे लागले. पोटालाही सराव लागतो ही गोष्ट आपण पायांच्या बाबतीत जितक्या सहज मान्य करतो तितकी येथे करत नाही.

अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत माझी जी फजिती झाली, तिचा दोष अर्धा सामानाचा आणि अर्धा माझा. दाट मिश्रणाची बाटली तेव्हा मी सीटमागच्या केजमध्ये (बाटली अडकवायच्या धारकात) ठेवली होती. एका खडबडीत पुलाच्या सांध्यावर सायकल उडाली. मागे काहीतरी आपटल्याचा आवाज आला, पण तो दुसऱ्या कुणाच्या सायकलचा असेल असे मी गृहीत धरले. दहा किलोमीटर पुढे गेल्यावर हात मागे नेला तर केज रिकामी. उरलेले अंतर डबीतल्या दोन जेलवर आणि एड स्टेशनच्या (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या ठाण्याच्या) पातळ पेयावर काढले, आणि धावताना चौदाव्या किलोमीटरपासून चालत आलो. आता इंधनाची बाटली चौकटीवर असते आणि मागच्या केजमध्ये फक्त साधे पाणी, तेही रबरी पट्ट्याने बांधलेले, कारण पाणी पुढच्या स्टेशनवर मिळते, पाक मिळत नाही.

सोडियमच्या बाबतीत सर्वांना एकच आकडा लागू पडत नाही, कारण घामातल्या सोडियमचे प्रमाण माणसामाणसांत अनेक पटींनी वेगळे असते. माझ्या जर्सीवर पांढरे डाग उठतात, म्हणून उन्हात मी तासाला सुमारे 600 मिलिग्रॅम घेतो, म्हणजे साध्या मिठाच्या हिशेबाने दीड ग्रॅम. पाकात मीठ मिसळून पाहिले. दोन तासांनी तो कोमट खारट पाक ओठांना लावणेही अशक्य झाले. हल्ली कॅप्सूल वापरतो, आणि त्या जर्सीच्या खिशात न ठेवता डबीत ठेवतो, कारण खिशात घामाने त्यांचा लगदा होतो.

पूर्ण अंतराच्या स्पर्धेत सायकल आदल्या संध्याकाळीच ट्रान्झिशनमध्ये (पोहणे संपवून सायकल घेण्याच्या जागी) लावावी लागली. माझ्या शेजारच्या स्पर्धकाने भरलेली बाटली रात्रभर सायकलवर ठेवली होती. पहाटे तिच्या झाकणापासून पुढच्या चाकापर्यंत मुंग्यांची रांग होती, आणि टॉर्चच्या उजेडात तो बिचारा एकेक मुंगी फुंकरीने उडवत होता. मी बाटल्या सकाळी नेल्या. त्या दिवशी 180 किलोमीटरमध्ये पाक तळापर्यंत संपला, सातपैकी सहा जेल गेली, आणि मॅरेथॉन संथ का होईना, धावत पूर्ण झाली.

आता दोष. पुन्हा भरण्यासाठी वर जी चिरा असलेली रबरी झडप आहे, ती पाचव्या महिन्यात सैल झाली आणि खड्ड्यांत पाणी उसळून संगणकावर व हँडलवर पडू लागले. सुरुवातीला मी या बाटलीत कधीकधी क्षारयुक्त पेय भरत असे. तेच गळून हेडसेटच्या (हँडल जिथे फिरते त्या सांध्याच्या) बोल्टवर गंज आणि बेअरिंगमध्ये करकर आली. साधे पाणी भरायला लागल्यापासून हा त्रास नाही. नळी खाली धरून ठेवणारे चुंबक गुळगुळीत रस्त्यावर उत्तम, खराब रस्त्यावर निरुपयोगी. नळी सुटून हनुवटीवर आपटत राहते. सगळ्यांत किळसवाणी गोष्ट म्हणजे बुरशी. चौथ्या महिन्यात नळी उजेडात धरली तेव्हा आतल्या बाजूला काळे ठिपके दिसले, आणि त्यातून मी किती दिवस पीत होतो कोण जाणे. सोबत ब्रश दिलेला नव्हता. आता प्रत्येक राइडनंतर नळी उपसून लांब ब्रशने घासतो आणि चावण्याचे तोंड काढून, पूर्ण वाळल्यावरच पुन्हा जोडतो; यात पाच मिनिटे जातात आणि थकल्यावर ती जड वाटतात.

दोन तासांच्या आतल्या राइड करणाऱ्याने ही बाटली घेऊ नये. चौकटीवरची साधी बाटली धुवायला सोपी आणि पुरेशी आहे. अर्ध्या किंवा पूर्ण अंतराची तयारी करणाऱ्याने जरूर घ्यावी, मात्र झडप आणि नळी सुटी विकत मिळते याची खात्री आधी करून घ्यावी. माझी झडप मागवून यायला तीन आठवडे लागले, आणि तोपर्यंत मी त्या चिरेवर स्पंजचा तुकडा कोंबून फिरत होतो.