चिकामाकोमिको लाइफ सेव्हिंग स्टेशन, रोडॅन्थी: जमलं तर गुरुवारीच जा

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या आउटर बँक्सला, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बेटांच्या रांगेला, जाणारे बरेच जण केप हॅटरसचं दीपगृह बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात, वाटेत रोडॅन्थीला हायवे 12 ला लागूनच हे म्युझियम आहे (फुटलेल्या जहाजांवरच्या माणसांना वाचवणारं हे जुनं स्टेशन) तिथे थांबायचं राहून जातं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार.

इथे दोन मुख्य इमारती आहेत, 1874 ची जुनी आणि 1911 ची मोठी. सरकारने या किनाऱ्यावर पहिली सात स्टेशनं बांधली त्यातलं हे एक. पण नुसती इमारत बांधून काय होणार, सुरुवातीला ती फक्त हिवाळ्याचे काही महिने उघडी असायची आणि कीपरच्या, म्हणजे स्टेशनप्रमुखाच्या, नेमणुका बऱ्याचदा राजकीय वशिल्याने व्हायच्या. नोव्हेंबर 1877 मध्ये ह्युरॉन ही नौदलाची बोट नॅग्स हेडजवळ किनाऱ्याच्या अगदी जवळ रुतली, जवळचं स्टेशन सीझन नाही म्हणून बंद, 98 माणसं गेली. त्यानंतर सीझन वाढला, स्टेशनं वाढली, आणि कीपर म्हणून इथलाच समुद्र ओळखणारी माणसं यायला लागली.

रात्री सर्फमन, म्हणजे स्टेशनवरचे बचाव करणारे जवान, किनाऱ्यावरून पायी गस्त घालायचे, शेजारच्या स्टेशनचा माणूस वाटेत भेटला की दोघं आपापले बिल्ले बदलायचे, म्हणजे पूर्ण चालून आल्याचा पुरावा. आणि नियम किती कडक बघा, समुद्र खवळला होता म्हणून बोट काढली नाही असं कीपरने लिहून चालायचं नाही, आधी बोट खरोखर पाण्यात घालायचा प्रयत्न करायचा आणि तो फसला तरच ते कारण मान्य. हे वाचल्यावर मी तिथेच उभा राहिलो बराच वेळ.

गुरुवार का म्हणाल तर उन्हाळ्यात त्या दिवशी बीच ड्रिल करून दाखवतात, पूर्वीही या कवायतीचा वार गुरुवारच होता. गाडा ओढत आणायचा, लाइल गन नावाच्या छोट्या तोफेने दोरी जहाजाच्या डोलकाठीसारख्या खांबावर फेकायची, मग दोरावरून ब्रीचेस बॉय सोडायचा, म्हणजे लाइफ रिंगला शिवलेली आखूड चड्डी, त्यात बसवून एकेका माणसाला ओढून आणायचं. दोरी पेटीत खुंट्यांवर नागमोडी गुंडाळलेली असते, गुंता झाला तर सगळंच फुकट, म्हणून तीच कवायत दर आठवड्याला. पोरांना घेऊन जा, तोफेचा आवाज मोठा आहे तेवढं आधी सांगून ठेवा.

पण माझ्यासाठी खरी गोष्ट म्हणजे 1046 नंबरची सर्फबोट, म्हणजे लाटांतून न्यायची बचावाची बोट. 16 ऑगस्ट 1918 ला मिर्लो हा ब्रिटिश टँकर इथे समोरच स्फोट होऊन पेटला, पेट्रोल पाण्यावर पसरून समुद्रच जळत होता, आणि कीपर जॉन अॅलन मिजेट पाच जणांना घेऊन याच बोटीतून त्यात शिरले. लाटांनी बोट परत परत किनाऱ्याकडे फेकली तरी गेले. आधी उलट्या पडलेल्या बोटीला धरून राहिलेले सहा जण काढले, मग भरकटलेली 19 जणांची बोट शोधली, मग कॅप्टनची 17 जणांची, एकूण 42 माणसं जिवंत. ती बोट हाताच्या अंतरावर समोर बघितली की एवढ्याशा लाकडात ते कसे गेले असतील हेच डोक्यात फिरत राहतं. सहापैकी पाच जण मिजेट आडनावाचे! कोस्ट गार्डच्या जहाजालाही या कीपरचं नाव आहे.

1911 च्या इमारतीत झोपायच्या खोल्या, टेहळणीचा मनोरा वगैरे आहे, छान ठेवलंय. डासांचं औषध मात्र न्याच.

आणि इथून पुढे मँटिओ गावातलं पी आयलंड कुकहाउस म्युझियम चुकवू नका. पी आयलंड हे इथून उत्तरेचं स्टेशन, 1880 मध्ये रिचर्ड एथरिज तिथे कीपर झाले, अशी स्टेशनं चालवणाऱ्या सरकारी लाइफ सेव्हिंग सेवेतले पहिले कृष्णवर्णीय कीपर, आणि त्यांची सगळी टीमही कृष्णवर्णीय. 1896 च्या वादळात ई. एस. न्यूमन जहाज फुटलं तेव्हा तोफही चालेना, बोटही जाईना, म्हणून दोघा दोघांना दोरीने बांधून पोहत पाठवलं आणि कॅप्टनच्या लहान मुलासकट नऊच्या नऊ जण वाचवले. सुवर्णपदक मिळालं ते थेट 1996 मध्ये, तोवर त्यातलं कुणीच उरलं नव्हतं. म्युझियम अगदी छोटं आहे, उघडं असण्याची वेळ आधी बघूनच निघा.