द्राक्षांच्या धंद्यात उतरताय? भारत आणि चिलीचा हिशेब

वाशीच्या फळबाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटात द्राक्षांत पैसे घालणाऱ्याला आधी ठरवावं लागतं, देशी मालावर भिस्त ठेवायची की चिलीच्या पेट्या मागवायच्या. वर्षाचा आकडा पाहिला तर दोन्ही देश स्वयंपूर्ण. भारतात ३० लाख टनांहून जास्त द्राक्ष पिकतं. साधारण १० टक्के परदेशी जातं, उरलेलं आपण खातो, नाहीतर त्याचा बेदाणा होतो. चिलीची लोकसंख्या जेमतेम दोन कोटी, त्यामुळे खायची बहुतेक द्राक्षं थेट जहाजावर चढतात.

पण गाळ्याचं भाडं बारा महिने भरायचं असतं. नाशिक-सांगलीकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (माल निघाल्यावर वेल खरडून छाटायचा, म्हणजे नव्या काड्या येतात), ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, आणि माल जानेवारी ते एप्रिल. फेब्रुवारी-मार्चला आवक इतकी की भाव बसतो. पावसाळ्यात हाच देश द्राक्षाला महाग. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यात वर्षभर काळं, बियांचं द्राक्ष निघतं, पण सीडलेसच्या भावाने ते मुंबईत कोण घेणार?

ही पोकळी चिली भरेल असं वाटतं. तिथला हंगामही डिसेंबर ते एप्रिलच! समुद्रात महिन्याहून अधिक गेला तरी त्यांचा बराचसा माल आपल्या ऐन गर्दीत उतरतो. कामाचा असतो तो शेवटचा, मे-जूनचा.

जोखीम दोघांची वेगळी. मार्च १९८९ मध्ये फिलाडेल्फियात दोन द्राक्षांत सायनाइडचा अंश सापडला आणि अमेरिकेने चिलीची फळं अडवली. गिऱ्हाईक बाहेरचं असलं की असं होतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा निदान घरची बाजारपेठ तरी होती, भाव पाडून का होईना. आपला खरा वैरी अवकाळी पाऊस: एक सर आली की मणी तडकतात. चिलीत उलट पाण्याचीच ओढ आहे, आणि बरेच बागायतदार चीनला विकायच्या चेरीकडे वळलेत.

चिलीची पेटी घ्याल तेव्हा वरचा गंधकाचा कागद (बुरशी लागू नये म्हणून ठेवलेला) उचलून देठ बघा. देठ हिरवा हवा. देठाजवळ मणी पांढुरका पडला असेल तर गंधक जास्त लागलंय. असा माल लवकर खराब होतो.

भांडवल बेताचं असेल तर माझं मत सरळ आहे: जानेवारी ते एप्रिल देशी माल, रोजचा रोज संपवायचा. कोल्ड स्टोरेज आणि मे-जूनचं पक्कं गिऱ्हाईक हाताशी असेल तरच चिली. ऑगस्ट ते डिसेंबरसाठी चिलीचे भाव विचारत बसू नका. तेव्हा चीन आणि कॅलिफोर्नियाचा, पुढे पेरू देशाचा माल येतो.