पळणाऱ्यांचा हर्निया: दुर्बिणीतून, उघडी, की थोडं थांबावं?

जांघेत हर्निया निघाला, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या भगदाडातून आतडं पुढे आलं, की पळणारा माणूस सर्जनला पहिला प्रश्न विचारतो, ‘परत कधी पळू शकेन?’ हा प्रश्न मला दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला असा विचारावा: पाच वर्षांनी बत्तिसाव्या किलोमीटरला ती जागा दुखेल का, आणि हर्निया पुन्हा बाहेर येईल का? परतायला दोन आठवडे लागोत की पाच, वर्षभराच्या सरावात तो फरक भरून निघतो. कायमचं दुखणं भरून निघत नाही. पुढची सगळी तुलना मी या नजरेतून केली आहे.

माझा हर्निया डाव्या बाजूचा होता आणि शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. माझ्या जुन्या रनिंग पार्टनरचा उजव्या बाजूचा होता. त्याने त्याच सीझनमध्ये उघडी शस्त्रक्रिया करून घेतली. वय साधारण सारखं, पेसही सारखा. आज दोघंही पूर्ण मॅरेथॉन पळतो. त्यामुळे दोन्ही रस्ते मला जवळून माहीत आहेत. दोन माणसांवरून नियम निघत नाही, म्हणून जिथे पक्के आकडे आहेत तिथे ते दिले आहेत.

आधी हर्निया आहे याची खात्री

जांघेतलं प्रत्येक दुखणं हर्निया नसतं. खरा हर्निया बहुतेक वेळा दिसतो. उभं राहिल्यावर, खोकल्यावर किंवा लाँग रननंतर जांघेत फुगवटा येतो आणि आडवं पडलं की आत जातो. फुगवटा नाही, पण स्प्रिंट मारताना किंवा एकदम वळताना दुखतं, अशा दुखण्याला ‘स्पोर्ट्‌स हर्निया’ म्हणतात. तिथे आतडं बाहेर आलेलं नसतं, जांघेतल्या स्नायूंवर आणि त्यांच्या बांधणीवर ताण आलेला असतो. त्यावर पहिला उपाय फिजिओथेरपी आणि व्यायाम हा आहे. मांडीच्या आतल्या स्नायूचं दुखणं, खुब्याचा सांधा आणि मांडीच्या हाडाच्या मानेतलं स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडलेली चीर) हीदेखील जांघेतच दुखतात. यातलं शेवटचं धोकादायक आहे. पाय टेकवताना दुखत असेल तर हर्नियाची सोनोग्राफी करून थांबू नका, एमआरआयबद्दल विचारा.

थांबणं

फुगवटा आहे पण त्रास नाही, अशा पुरुषाने थांबणं हा धोक्याचा पर्याय नाही. अमेरिकेत 720 पुरुषांवर झालेला एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. काहींची लगेच शस्त्रक्रिया केली, काहींना नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं. थांबलेल्यांमध्ये आतडं अडकून तातडीने ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनच्याही खाली होतं. पण त्याच लोकांचा पुढे पाठपुरावा केला, तेव्हा दहा वर्षांत सुमारे 68 टक्क्यांनी शस्त्रक्रिया करून घेतलीच होती, आणि त्याचं मुख्य कारण होतं दुखणं.

म्हणजे थांबता येतं, पण बहुधा कायमचं नाही. त्यातून हा अभ्यास ज्यांना जवळपास काही त्रास नव्हता त्यांच्यावर झाला होता. आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर पळणाऱ्याला ‘त्रास नाही’ असं क्वचितच म्हणता येतं. ऑफिसच्या खुर्चीत काही जाणवत नाही, पण वीस किलोमीटरनंतर जांघ जड होते आणि उतारावर ओढ बसते. मग आपण नकळत दुसऱ्या पायावर भार टाकू लागतो, आणि काही महिन्यांनी त्या दुसऱ्या बाजूचा गुडघा किंवा पोटरी बोलू लागते. ही अवस्था आली असेल तर ‘एवढी रेस होऊ दे, मग बघू’ हे माझ्या मते चुकीचं गणित आहे. शिवाय शस्त्रक्रियेआधीचं दुखणं जितकं जास्त, तितकी नंतर जुनाट दुखण्याची शक्यता वाढते.

कमरेचा हर्नियाचा पट्टा बांधून पळणारे मला भेटले आहेत. पट्टा फुगवटा दाबून धरतो, भगदाड बुजवत नाही. पळताना तो सरकतो आणि कातडी सोलते ती वेगळीच.

स्त्रियांसाठी मात्र सल्ला वेगळा आहे. जांघेतला हर्निया त्यांच्यात कमी आढळतो, पण आढळला तर तो मांडीकडच्या अरुंद वाटेतला, म्हणजे फिमोरल असण्याची शक्यता पुरुषांपेक्षा जास्त असते, आणि त्या वाटेत आतडं लवकर अडकतं. त्यामुळे जांघेच्या हर्नियाच्या उपचारांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्त्रियांना वेळेवर आणि शक्यतो दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून घ्यायला सांगतात. आपल्या ग्रुपमध्ये पळणाऱ्या ताई-मावशींपर्यंत हे पोचायला हवं. ‘जांघेत दुखतंय’ हे त्या फार उशिरा बोलतात.

उघडी आणि दुर्बिणीची

उघड्या शस्त्रक्रियेत जांघेवर साधारण तीन बोटं लांबीचा छेद घेतात, आतडं आत ढकलतात आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाने पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची, जाळी बसवतात. ही पद्धत लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिक्टेन्स्टाइन यांनी 1980 च्या दशकात रूढ केली आणि आजही जगभर ती सर्रास होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावर तीन लहान भोकं पाडून साधारण 10 बाय 15 सेंटिमीटरची जाळी भिंतीच्या आतल्या बाजूला, स्नायू आणि पोटाचं आतलं आवरण यांच्यामध्ये पसरतात. पोटाच्या पोकळीत शिरून केली तर टीएपीपी, न शिरता केली तर टीईपी. या दोघींतला फरक रुग्णाला फारसा कळत नाही. तुमच्या सर्जनचा हात जिच्यावर बसला आहे ती करावी.

सायकलच्या ट्यूबला आतून ठिगळ लावता आलं असतं तर हवेच्या दाबानेच ते घट्ट बसलं असतं. दुर्बिणीच्या जाळीचं तसंच होतं. पण बाहेरून नीट शिवलेली जाळीही तितकीच टिकते, त्यामुळे निवडीचं कारण इथे शोधू नये.

पहिल्या आठवड्यात मात्र फरक स्पष्ट दिसतो. मला गाडीतून उतरणं, कूस बदलणं, खोकणं हे सगळं दोन-चार दिवसांत सुसह्य झालं. माझ्या मित्राला अंथरुणातून उठताना कुशीवर वळून हाताचा आधार घ्यावा लागत होता, आणि छेदाखालची त्वचा बरेच महिने बधिर राहिली. दोघांच्याही अंडकोशापर्यंत काळंनिळं उतरलं होतं. ते पाहून घाबरायला होतं, पण ते आपोआप ओसरतं. दुर्बिणीनंतर हर्नियाच्या जागी पाणी साठून गोळा येतो, आणि हर्निया परत आला की काय असं वाटतं. बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते पाणी शरीरच शोषून घेतं.

भुलीचाही विचार करा. दुर्बिणीला बहुधा पूर्ण भूल लागते. उघडी शस्त्रक्रिया आपल्याकडे सहसा पाठीत इंजेक्शन देऊन करतात, पण ती फक्त जागा बधिर करूनही होते. फुफ्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या ज्येष्ठ धावपटूसाठी हा मोठा फायदा आहे. पाठीतल्या इंजेक्शननंतर काहींना लघवी अडते, तेही आधीच विचारून ठेवावं.

आता जुनाट दुखणं. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जांघेच्या हर्नियानंतर लक्षात येण्याजोगं जुनाट दुखणं 10 ते 12 टक्के लोकांत राहतं आणि काळानुसार कमी होत जातं. रोजची कामं अडवणारं दुखणं 0.5 ते 6 टक्क्यांत राहतं. तरुण वय, आधीचं जास्त दुखणं आणि उघडी शस्त्रक्रिया यांनी ही शक्यता वाढते. उघड्या पद्धतीत जांघेतल्या तीन नसा सर्जनच्या थेट हाताखाली येतात. त्या ओळखून जपणारा सर्जन आणि घाईत टाका घेणारा सर्जन यांच्यातला फरक रुग्णाला पुढे वर्षानुवर्षं जाणवतो. हजारो पावलं तीच जागा हलवणाऱ्या माणसासाठी दुर्बिणीच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे. ‘लवकर घरी’ हा त्याच्या पुढे किरकोळ वाटतो.

दुर्बिणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दोन वर्षांनी हर्निया परत येण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात सुमारे 10 टक्के आणि उघड्या गटात सुमारे 5 टक्के निघालं. पण ज्या सर्जननी अशा 250 हून जास्त दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या, त्यांच्या हातून हे प्रमाण बरंच कमी होतं. दुर्बिणीतून जांघेची रचना उलट्या बाजूने दिसते, आणि ती अंगवळणी पडायला वेळ लागतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं: दुर्बिणीत मुरलेला सर्जन मिळत असेल तर धावपटूने दुर्बिणीची निवडावी. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, किंवा आधीच्या उघड्या शस्त्रक्रियेनंतर परत आला असेल, तर नक्कीच, कारण त्याच तीन भोकांतून दोन्ही बाजू होतात आणि जुन्या व्रणात पुन्हा शिरावं लागत नाही. पण तुमच्या गावात उघडी शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं उत्तम करणारे डॉक्टर असतील आणि दुर्बिणीची नुकतीच सुरू झाली असेल, तर उघडीच करा. माझ्या मित्राने हाच विचार केला, आणि त्याचा निर्णय बरोबर होता. सर्जनला सरळ विचारा: अशा किती केल्या, परत किती आल्या, नसांचं काय करता. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाहीत.

जाळी नकोच असेल तर

जाळीच्या भीतीने अनेक धावपटू अडून बसतात. पर्याय आहेत. टोरांटोच्या एडवर्ड शोल्डाइस यांनी 1945 साली हर्नियासाठी रुग्णालय सुरू केलं. तिथे आजही मुख्यतः भिंतीचे थर एकमेकांवर शिवून, म्हणजे जाळीशिवाय दुरुस्ती होते. जाळीविरहित पद्धतींमध्ये मार्गदर्शक तत्त्वं शोल्डाइसलाच पसंती देतात. दुसरा पर्याय पुण्यातला. डॉ. मोहन देसरडा यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत रुग्णाच्याच बाहेरच्या पोटस्नायूच्या चिवट पडद्याची पट्टी वापरून मागची भिंत बळकट करतात. पोलंडमध्ये 208 पुरुषांवर तिची लिक्टेन्स्टाइन पद्धतीशी तुलना झाली. तीन वर्षांनी दोन्ही गटांत हर्निया परत आलेले दोन-दोनच निघाले. निकाल आशादायक आहे, पण जाळीमागचा पुरावा कितीतरी मोठा आणि जुना आहे. पातळ शरीराच्या तरुण धावपटूने, ही पद्धत नियमित करणारा सर्जन मिळाला तरच, तिचा विचार करावा. नुसत्या भीतीपोटी नको.

पळण्याकडे परत

इथे जुना सल्ला आणि नवा सल्ला यांत मोठं अंतर आहे. ‘तीन महिने काही उचलायचं नाही’ हे आपल्या घरांत अजून ऐकू येतं. 2018 ची तत्त्वं मात्र सांगतात की सोसवेल तसं, बंधनं न घालता, नेहमीच्या हालचालींकडे परतावं. यामागचं कारण समजलं की धीर येतो. निरोगी माणसांच्या पोटातला दाब मोजला तेव्हा तो खोकताना आणि उडी मारताना सर्वांत जास्त भरला. खोकला तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीही येतोच, आणि नीट बसवलेली जाळी तो सहन करते. तेव्हा वेग ठरवायचा तो दुखण्यावरून.

चालणं दोघांनीही त्याच दिवशी सुरू केलं. मी साधारण तिसऱ्या आठवड्यात सपाटीवर हळू जॉगिंग करू लागलो, मित्राला दोन आठवडे अधिक लागले. नियम एकच ठेवला: पळताना ओढ बसली तर तिथेच चालायला लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जागा जास्त दुखत असेल तर एक दिवस सुट्टी. चढ आधी, उतार नंतर, कारण उतारावरचं प्रत्येक पाऊल छोटी उडीच असते. इंटरव्हल, म्हणजे वेगाच्या तुकड्यांचा सराव, सर्वांत शेवटी. टाके सुकेपर्यंत पोहणं नको. आणि बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. वेदनाशामक गोळ्यांनी पोट हमखास बांधलं जातं. भरपूर पाणी आणि रात्री इसबगोल हे पहिल्या दिवसापासून. शौचाला कुंथण्यासारखं त्या आठवड्यात दुसरं काही दुखत नाही.

ताप, वाढत जाणारी सूज, जखमेतून पू, किंवा लघवी न होणं यांवर फोनवर सल्ला घेत बसू नये, सरळ रुग्णालय गाठावं. शस्त्रक्रियेआधी थांबलेल्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फुगवटा आत जात नाही, कडक झालाय, दुखतोय आणि उलट्या होताहेत, तर ती तातडीची वेळ आहे.

पैसे आणि तारीख

दुर्बिणीचा खर्च बहुतेक ठिकाणी उघडीपेक्षा जास्त असतो. आरोग्य विमा असेल तर हर्नियाचा प्रतीक्षा काळ पाहा. अनेक पॉलिसींत तो दोन वर्षांचा असतो. जाळीच्या किमतीवर मर्यादा आहे का, तेही आधीच विचारा.

आपल्याकडच्या धावपटूंसाठी सोयीचा काळ म्हणजे मुंबई मॅरेथॉन उरकल्यानंतरचा फेब्रुवारी. मार्चमध्ये हळू पळणं, एप्रिल-मेच्या उकाड्यात तसंही कमी किलोमीटर, आणि पावसाळ्यात घाटाचा सराव. सप्टेंबरमधल्या साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटाच्या उतारावर बिनधास्त पाय टाकता येईल एवढा वेळ हातात राहतो. जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स ही मॅरेथॉनहून लांब रेस पळायची असेल तर हे वेळापत्रक बसत नाही. ज्यांना त्रास नाही त्यांनी रेस पळून मग शस्त्रक्रिया करावी. ज्यांना लाँग रनमध्ये ओढ बसते त्यांनी त्या वर्षीची कॉम्रेड्स सोडावी.