नटांनी नटांना दिलेली दाद: एकतिसावा स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड सोहळा पाहताना

लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये २३ फेब्रुवारी २०२५ च्या संध्याकाळी झालेला, अमेरिकेतील नटांच्या संघटनेचा एकतिसावा स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड पुरस्कार सोहळा आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहा वाजता नेटफ्लिक्सवर थेट दिसला. आमच्या घरी तो चौघांनी पाहिला: आई, मावशी, महाविद्यालयात नाटक करणारा भाचा आणि मी. पुरस्कारांचे कार्यक्रम मी नेमाने पाहतो, आणि एरवी तासाभरात घरातले एकेक माणूस उठून आपापल्या कामाला लागते, हेही मला ठाऊक आहे. या सोहळ्यात तसे झाले नाही. आई मध्येच चहा ठेवायला गेली, तेव्हा "कोणी बोलायला उभे राहिले तर हाक मार" असे बजावून गेली. प्रेक्षक असा का खिळून राहतो, याचा विचार केल्याशिवाय या प्रक्षेपणाचे मोल ठरवता येणार नाही.

पहिले कारण असे की येथे मत देणारे, पुरस्कार घेणारे आणि टाळ्या वाजवणारे सगळे एकाच धंद्यातले आहेत. या संघटनेचे लाखाहून अधिक सभासद विजेते ठरवतात, आणि त्यांतले बहुसंख्य आपल्याला नावानेही माहीत नसलेले, मिळेल ती भूमिका करणारे कलावंत असतात. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या सोहळ्यात दिग्दर्शन, संगीत, छायालेखन असे विभागच नाहीत. एकूण पुरस्कार पंधरा, आणि तेही चित्रपट व दूरचित्रवाणी मिळून. त्यामुळे कार्यक्रम पसरत नाही. निमंत्रित रांगांच्या खुर्च्यांत न बसता टेबलांभोवती बसतात, आणि कॅमेरा मंचावर जितका राहतो, जवळजवळ तितकाच या टेबलांवर फिरतो. सुरुवातीला काही कलावंत आपल्या जागेवरूनच उमेदीच्या काळातला एखादा प्रसंग सांगतात आणि शेवटी आपले नाव घेऊन "मी नट आहे" एवढेच म्हणतात. ही जुनी प्रथा आहे आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्षेपणातला सर्वांत सच्चा भाग तोच आहे. भाच्याने ते वाक्य दर वेळी ओठांतल्या ओठांत म्हटलेले मी पाहिले.

आमच्या घरात खरा वाद पेटला तो टिमोथी शालामे याच्या भाषणावरून. चित्रपटातल्या प्रमुख नटाचा पुरस्कार त्याला 'अ कम्प्लीट अननोन'मध्ये गायक बॉब डिलन साकारल्याबद्दल एकोणतिसाव्या वर्षी मिळाला. या विभागातला तो आजवरचा सर्वांत तरुण विजेता. या भूमिकेसाठी साडेपाच वर्षे दिल्याचे त्याने सांगितले, आणि पुढे, लोक सहसा असे बोलत नाहीत याची कबुली देऊन, आपल्याला थोर नटांच्या पंक्तीत बसायचे आहे, असे सरळ म्हटले. मार्लन ब्रँडो, डॅनियल डे-लुईस, व्हायोला डेव्हिस यांच्या जोडीने त्याने मायकेल जॉर्डन आणि मायकेल फेल्प्स या खेळाडूंचीही नावे घेतली. मावशीला हे मुळीच रुचले नाही. स्वतःच्या तोंडाने मोठेपणाची भाषा करू नये, ती दुसऱ्यांनी करावी, असे तिचे म्हणणे. भाचा मात्र ताठ बसून ऐकत होता. त्याचे म्हणणे असे की खोट्या विनयाची भाषणे ऐकून तो कंटाळला आहे, आणि मेहनत केली म्हणणाऱ्याने हेतूही उघड सांगितला तर त्यात गर्व कसला? जगभरच्या प्रेक्षकांतही नंतर नेमकी हीच फूट पडलेली दिसली. मी भाच्याच्या बाजूने आहे. शालामेने आपण थोर झालो असे म्हटलेले नाही. थोर व्हायचे आहे असे म्हटले, आणि या दोहोंत फार अंतर आहे. आठवड्याभरातच ऑस्करमध्ये प्रमुख नटाचा पुरस्कार एड्रियन ब्रोडीकडे गेला, तरी लोकांच्या बोलण्यात राहिले ते हेच भाषण.

सत्त्याऐंशी वर्षांच्या अभिनेत्री जेन फोंडा जीवनगौरव स्वीकारायला उभ्या राहिल्या तेव्हा मात्र घरात कोणीच वाद घातला नाही. दुसऱ्या माणसाला इतके खोल समजून घ्यायचे की पाहणाऱ्याच्या काळजाला हात लागावा, हे नटाचे काम आहे, आणि अशी सहवेदना म्हणजे दुबळेपणा नव्हे, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. संघटनेची गरज काय, हेही त्या पोटतिडकीने बोलल्या. २०२३ मध्ये याच संघटनेने ११८ दिवस संप केला होता, हे लक्षात ठेवले म्हणजे समोर बसलेल्यांचे चेहरे इतके गंभीर का झाले ते कळते. आईला इंग्रजी जेमतेम समजते. भाचा तिला वाक्यावाक्याने मराठीत सांगत होता, पण अर्ध्यावर तिने त्याला हातानेच थांबवले आणि पुढचे नुसते पाहत राहिली.

या सोहळ्याचा मानाचा पुरस्कार एकट्यादुकट्याला मिळत नाही, तो संपूर्ण संचाला मिळतो. नाटकाचा संच ही कल्पना आपल्या रक्तातली असल्यामुळे मराठी प्रेक्षकाला याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. २००९ मध्ये 'स्लमडॉग मिल्येनेअर'च्या संचाने हाच पुरस्कार जिंकला होता, आणि त्या संचात अनिल कपूर आणि इरफान खान यांच्याबरोबर मुंबईची लहान मुलेही होती. या सोहळ्यात चित्रपटांत 'कॉन्क्लेव्ह'ने तो पटकावला. मालिकांत 'शोगुन'ने चार पुरस्कार नेले; बहुतांश संवाद जपानी असलेल्या मालिकेला इंग्रजी बोलणाऱ्या नटांनी अशी भरभरून दाद द्यावी, याचे मला मनापासून समाधान वाटले.

उणिवा आहेतच. सूत्रसंचालिका क्रिस्टन बेल यांचे सुरुवातीचे गाणे त्यांच्याच गाजलेल्या ॲनिमेशनपटाच्या गाण्यावर बेतलेले होते. मूळ गाणे ज्यांना माहीत नाही त्यांना ते कोरडे वाटले असणार, आणि आमच्याकडे दोघींना तसेच वाटले. ऐन 'कॉन्क्लेव्ह'च्या घोषणेच्या वेळी आमचे इंटरनेट अडकले आणि चित्र परत आले तोवर संच मंचावर पोहोचला होता. तो दोष कार्यक्रमाचा नव्हे, आमच्या जोडणीचा. तरी थेट पाहणाऱ्यांनी महत्त्वाच्या घोषणा मागे नेऊन पुन्हा जरूर पाहाव्यात, कारण नाव उच्चारल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन क्षणांतच सहकाऱ्यांचे चेहरे बोलतात.

माझी खरी तक्रार साहसदृश्ये करणाऱ्या कलावंतांविषयी आहे. त्यांच्या चमूला हा सोहळा २००८ पासून पुरस्कार देतो. ऑस्करमध्ये असा विभाग २०२८ मध्ये प्रथमच येणार आहे, म्हणजे नटांची संघटना या बाबतीत वीस वर्षे पुढे आहे. असे असूनही चित्रपट व मालिकांसाठीचे हे दोन पुरस्कार मुख्य सोहळ्याआधीच्या, लाल गालिच्यावरच्या कार्यक्रमातच जाहीर होतात. जे थेट साडेसहाला टीव्ही लावतात, त्यांना ही माणसे दिसतच नाहीत. नायकाच्या जागी उंचावरून उडी घेणाऱ्याला त्याच दालनात, त्याच टेबलांसमोर, पुरस्काराची तीच, मुखवटे धरलेली ब्राँझची मूर्ती मिळायला हवी. २०२६ पासून पुरस्काराचे नाव 'ॲक्टर अवॉर्ड्स' असे झाले आहे. साहसदृश्यांच्या पुरस्कारांबाबतचा हा बदलही व्हावा, एवढे मागणे आहे.