जुन्या रस्त्यावर नवा थर: साधं डांबर, सीआरएमबी की जाड रबर-डांबर?

नाशिक परिसरात जुन्या डांबरी रस्त्यावर 40 मिमीचा थर टाकायचा तर पर्याय तीन: व्हीजी-40 (साधं, पण घट्ट प्रतीचं डांबर), टँकरने तयार येणारं सीआरएमबी (टायरच्या रबराची भुकटी मिसळलेलं डांबर), आणि प्लांटवर टायरची भुकटी घोटून केलेलं जाड रबर-डांबर. शेवटची दोन एकच समजली जातात, आणि घोटाळा तिथेच होतो.

रबराचा रस्ता वर्षानुवर्षं टिकतो, ही ख्याती मुख्यतः अ‍ॅरिझोनाची. फिनिक्समध्ये चार्ल्स मॅक्डोनाल्ड यांनी 1960 च्या दशकात रुळवलेल्या पद्धतीत 15 ते 20 टक्के भुकटी गरम डांबरात पाऊण-एक तास फुगू देतात. असं डांबर खडीवर जाड बसतं. त्याला जागा मिळावी म्हणून मधल्या मापाची खडी कमी घेतात. मग मिश्रणात साडेसात टक्क्यांच्या आसपास डांबर मावतं. खालची भेग वर यायला वेळ लागतो तो या जाड लेपामुळे. आपल्याकडे यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आयआरसी:एसपी:107 आहे, पण प्लांटवर घोटण्याची वेगळी टाकी लागते. ती नसेल तर हा पर्याय कागदावरच.

सीआरएमबीत भुकटी साधारण 10 टक्के, आणि मिश्रण नेहमीचं, सगळ्या मापांच्या खडीचं दाट, डांबर साडेपाच टक्क्यांच्या आत-बाहेर. फायदा आहे, पण बेताचा. सीआरएमबी-55 किमान 55 अंशांना मऊ होतं, व्हीजी-40 किमान 50 ला. एप्रिलच्या उन्हात कांद्याचे ट्रक चाकोऱ्या पाडतात तिथे हा फरक कामी येतो. शिवाय टायरमधल्या काजळीमुळे डांबर उशिरा कडक होतं. अ‍ॅरिझोनाचं आयुष्य मात्र त्याच्याकडून मागू नये.

पैशांचं गणित सोपं आहे. 7 मीटर रुंद, 1 किमी लांब, 40 मिमी जाड म्हणजे सुमारे 670 टन माल, त्यात 36 टन डांबर. सीआरएमबीला डांबराच्या टनामागे 5,000 रुपये जास्त पडले, तर किलोमीटरला 1.8 लाख.

ते द्यायचे की नाही, हे भेगेवर कोअर (रस्त्याचा उभा गोल तुकडा) कापल्यावर कळतं. भेग वरच्या 30-40 मिमीतच थांबली असेल तर खरवडून सीआरएमबी टाका. आरपार असेल आणि खालची खडी मातीने माखून वर आली, तर पाणी खाली मुरतंय. निफाडकडच्या काळ्या मातीत हे हमखास. तिथे पैसा आधी गटाराला आणि मुरमाच्या थराला. वर व्हीजी-40 पुरे.

सीआरएमबीचं खरं लचांड टाकीत असतं. ढवळणी बंद राहिली की भुकटी तळाशी बसते, वरून येतं ते जवळपास साधं डांबर. वरचा आणि तळाचा नमुना घेऊन मऊ होण्याचं तापमान तपासा. 4 अंशांहून जास्त फरक आला तर ती टाकी वापरू नका. दुसरी चूक रोलरची. हिवाळ्यातल्या रात्री पातळ थर दहा-पंधरा मिनिटांत निवतो, मग रबराचा माल दबत नाही, पोकळ्या राहतात आणि पहिल्या पावसात खडी सुटते. रोलर पेव्हरच्या (माल पसरणाऱ्या यंत्राच्या) मागोमाग हवा. जाड रबर-डांबरावर तर टायरचा रोलर आणूच नये. चाकांना माल चिकटून पृष्ठभाग उचकटतो.