सायकडच्या कुंडीखाली हीट मॅट: हिवाळा ते उन्हाळा वापरल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगते, तपशील नंतर. थंड हवेत सायकड (पामसारखं दिसणारं, पण शंकू धरणारं झाड) वाढवणाऱ्यांसाठी कुंडीखाली ठेवायची हीट मॅट ही खरोखर कामाची वस्तू आहे. मात्र ती थर्मोस्टॅटसह घ्यायला हवी आणि हिवाळा सरत आला की मगच लावायला हवी. ऐन थंडीत, दिवस लहान असताना लावली तर हीच मॅट झाडाचं नुकसान करते, आणि ते नुकसान पुढची काही वर्षं रोज डोळ्यांसमोर राहतं.

माझी झाडं एका काचेच्या खोलीत आहेत. खोलीला हीटर नाही. थंडीत रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, ऊन असलं तर दुपारी बारा-तेरापर्यंत चढतो. सायकस रेव्होल्युटाच्या (‘सागो पाम’ म्हणून विकतात तो) काही कुंड्या, एक सायकस पँझिहुआएन्सिस, एक डायून एड्युले, एक एन्सेफलार्टोस लेहमानी, आणि पानं-मुळं छाटून आलेलं रेव्होल्युटाचं एक नुसतं खोड, असा सगळ्या सायकडांचा संसार आहे. यातलं काय मॅटवर ठेवायचं आणि काय नाही, हे ठरवण्यातच निम्मं यश आहे.

मुळात मॅट हवी कशाला, ते बघू. पामला वर्षभर एकेक पान येत राहतं. सायकडचं तसं नाही. तो महिनोन्‌महिने गप्प बसतो आणि मग एकाच वेळी पानांचा अख्खा झुपका बाहेर काढतो. उबदार प्रदेशात रेव्होल्युटा वर्षातून एकदा, कधी दोनदाही पालवतो. थंड हवेत एकदा पालवला तरी नशीब, एखादं वर्ष तो सरळ सोडूनही देतो. त्याहून वाईट म्हणजे उशिरा पालवणं. उन्हाळा संपत आला की झुपका वर येतो, पानं कडक व्हायला काही आठवडे लागतात, आणि तेवढ्यात गारठा येऊन ठेपतो. कोवळं पान थंडीत सापडलं की टोकाकडून तपकिरी पडतं, आणि एकदा बिघडलेलं पान पुन्हा सुधारत नाही. त्यामुळे थंड प्रदेशात खरी लढाई झुपका लवकर आणण्याची आहे, म्हणजे पान कडक होण्यासाठी अख्खा उन्हाळा हाताशी राहतो.

आणि इथे हवेपेक्षा माती जास्त आडवी येते. वसंतात दुपारी हवा वीस अंशांवर गेली तरी ओल्या कुंडीचा गाभा दहा-बारा अंशांवरच अडकलेला असतो. थर्मामीटर मातीत खोल खुपसून बघा, खात्री पटेल. गार मुळं पाणी नीट ओढत नाहीत, मँगनीजसारखं सूक्ष्म अन्नद्रव्य तर त्याहून कमी, आणि गार चिखलात बसून राहिली तर कुजतात. अख्खी खोली तापवण्यापेक्षा कुंडीचा बूड तापवणं स्वस्तही पडतं आणि नेमकं जिथे लागतं तिथे पोचतं.

आता मॅटविषयी. काळी, पातळ, पाणी उडालं तरी चालेल अशी, साधारण वीस वॅटची. अशा मॅटला स्वतःचं डोकं नसतं. भोवतालच्या हवेपेक्षा ती काही अंश वर जाते, इतकंच. म्हणजे गार खोलीत ती कमी पडते आणि उन्हाच्या दिवशी नको तितकी तापते. म्हणून थर्मोस्टॅट हवाच. माझ्या थर्मोस्टॅटचा आकडा खऱ्या तापमानापेक्षा साधारण दोन अंश जास्त दाखवतो. सरळ काचेचा थर्मामीटर शेजारी खोचून एकदा ताळा करून घेतला की प्रश्न मिटतो, पण पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका.

थर्मोस्टॅटची सुई, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, कुठे खोचायची यावर सगळं अवलंबून आहे. ती मॅटला टेकवली तर मॅट गरम झाल्याझाल्या वीज बंद होते आणि मुळं गारच राहतात. हवेत लोंबकळत ठेवली तर वीज बंदच होत नाही आणि तळाची मुळं शिजतात. मी ती कुंडीच्या मध्यापर्यंत, कडेपासून थोडी आत खोचते आणि वायर कुंडीला चिकटपट्टीने बांधते, कारण पाणी घालताना सुई हलकेच वर सरकते आणि ते चटकन लक्षात येत नाही.

मॅटखाली थर्मोकोलचा जाड तुकडा टाकल्यावर फरक लगेच जाणवला. तो नव्हता तेव्हा अर्धी ऊब फरशीच खात होती. कुंडी सपाट बुडाची प्लास्टिकची असावी. पाय असलेली किंवा खाली पोकळी असलेली कुंडी मॅटवर ठेवणं म्हणजे वीज वाया घालवणं. सायकडला सोटमूळ असल्याने कुंड्या खोल लागतात, आणि खोल कुंडीत ऊब वरपर्यंत पोचत नाही, म्हणून मी कुंडीभोवती बबल रॅपचे दोन वेढे देते. खोडाला मात्र काही गुंडाळत नाही, तिथे हवा खेळती हवी.

हिवाळ्याच्या शेवटी, दिवस स्पष्ट मोठा होऊ लागल्यावर, मी एक रेव्होल्युटा मॅटवर घेतला आणि मातीचं तापमान २४ ते २६ अंशांत धरलं. शेजारी तेवढ्याच आकाराचा, त्याच मिश्रणातला दुसरा मॅटशिवाय ठेवला. बराच काळ दोघांत काडीचा फरक नव्हता. इथे धीर सुटतो, पण सोडू नका. मग मॅटवरच्या झाडाचा शेंडा बदलू लागला. एरवी तिथले तपकिरी, लवदार खवले एकमेकांना घट्ट बिलगलेले असतात. ते आधी किंचित फुगले, मग मधे फट पडली आणि फटीत फिकट हिरवट कडं दिसलं. त्यानंतर मात्र वेग बघण्यासारखा असतो. पानं उभी, एकमेकांना चिकटून वर सरकतात, प्रत्येक पर्णिका (पानाचं छोटं पातं) घड्याळाच्या स्प्रिंगसारखी आत वळलेली आणि अंगावर बारीक लव. सकाळी बघितलेलं झाड संध्याकाळी उंच झालेलं असतं. ती लव बोटाने चाचपण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण या दिवसांत पान जरा दाबलं तरी मोडतं.

या झाडाचा झुपका वसंत संपता संपता आला आणि उन्हाळाभर ऊन खाऊन चांगला टणक झाला. शेजारचा, बिनमॅटचा, उन्हाळा निम्म्याहून जास्त सरल्यावर जागा झाला आणि त्याची पानं गारठ्यापर्यंत जेमतेम सरळ झाली होती. माझ्या दृष्टीने मॅटची किंमत तिथेच वसूल झाली.

तिसरा रेव्होल्युटा मी मुद्दाम ऐन हिवाळ्यात मॅटवर ठेवला, काय होतं ते बघायला. तोही पालवला. पण ऊब होती आणि उजेड नव्हता, त्यामुळे पानं लांबच लांब वाढली, पर्णिका विरळ, रंग फिका, आणि अख्खा झुपका बाहेरच्या बाजूला लोळलेला. सायकडचं पान झाडावर काही वर्षं टिकतं, म्हणून हा विस्कटलेला आकार लवकर जाणारा नाही. शिवाय या पानांसाठी झाडाने खोडात साठवलेलं पिष्ट खर्ची घातलं, आणि अशक्त पानं ती तूट नीट भरून काढू शकत नाहीत. एखाद्याला हिवाळ्यातच मॅट लावायची असेल तर वर बारा-चौदा तासांचा चांगला एलईडी ग्रो लाइट आधी टांगावा आणि मगच मॅटचं बटण दाबावं. उजेडाची सोय नसेल तर माती गार आणि कोरडसर ठेवून झाडाला झोपू द्यावं.

खवले फुगल्यापासून पान कडक होईपर्यंत कुंडी फिरवू नये, हेही इथेच सांगते. कोवळी पानं उजेडाकडे झुकतात. मधेच कुंडी वळवली की अर्धी एकीकडे, अर्धी दुसरीकडे आणि मधे पीळ. जागा बदलायची असेल तर खवले घट्ट असतानाच बदला.

मॅटचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो त्या नुसत्या खोडाला. त्याला मी प्युमिस आणि परलाइट या हलक्या, सच्छिद्र खड्यांच्या जेमतेम ओलसर मिश्रणात बसवलं आणि तापमान २७ च्या आसपास ठेवलं. अशा खोडाबाबत एक गोष्ट फसवी असते. पहिला झुपका मुळं फुटण्याआधीच, निव्वळ साठ्याच्या जोरावर येऊ शकतो. पानं दिसली म्हणून आनंदाने भरपूर पाणी दिलं की बिनमुळांचं खोड खालून कुजतं. बोटाने खोड दाबून बघत राहावं. लाकडासारखं टणक लागलं तर ठीक, कुठे मऊ लागलं तर तो भाग ताबडतोब स्वच्छ कापून कोरडा होऊ द्यावा. माझ्या खोडाने मुळं धरली आहेत. हलवलं तर आता ते मिश्रणात घट्ट बसलेलं जाणवतं.

बाकीच्या झाडांवर मॅट वाया घालवू नये असं माझं मत झालंय. पँझिहुआएन्सिस मूळचा चीनच्या सिच्वान-युन्नान भागातला, कोरड्या डोंगरउतारांवरचा. थंडी सोसण्यात तो रेव्होल्युटाच्या पुढे आहे आणि मॅटशिवायच वेळेवर पालवला. लेहमानी दक्षिण आफ्रिकेच्या रुक्ष ईस्टर्न केपचा. त्याला हिवाळ्यात भरपूर उजेड आणि कोरडी मुळं हवीत, ओलसर ऊब अजिबात नको. शिवाय एन्सेफलार्टोस वयात आला की एखाद्या वर्षी पानांऐवजी शंकू काढून मोकळा होतो, त्या वर्षी पानांची वाट बघण्यात अर्थ नाही. डायून एड्युलेने मॅटवर जराशी घाई केली, पण ठरवून सांगावं इतका फरक नव्हता.

धीराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानात एन्सेफलार्टोस आल्टेनस्टाइनीचं एक झाड १७७५ पासून कुंडीत आहे. वनस्पती गोळा करणारे फ्रान्सिस मॅसन यांनी ते दक्षिण आफ्रिकेतून आणलं. काचेखालच्या उबेवर ते आजतागायत जगलंय, आणि तिथे त्याला शंकू आल्याची प्रसिद्ध नोंद १८१९ ची, एकदाचीच. हे झाड आठवलं की खवले हलायला आणखी महिना लागला तरी मला फारसं काही वाटत नाही.

मॅट लावल्यावर पाण्याचं गणित बदलतं आणि याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. ऊब खालून येते, त्यामुळे माती खालून सुकते. वरचा थर ओलसर दिसतो आणि तळ कोरडा ठणठणीत असतो. मी कुंडी उचलून वजनावरून ठरवते. पाणी कोमट असावं. मेहनतीने २५ अंशांवर आणलेल्या मुळांवर नळाचं बर्फगार पाणी ओतलं की दिवसभराची ऊब गेली. कुंडी खाली उतरवून पाणी घालते, पूर्ण निथळू देते आणि मग परत मॅटवर ठेवते. मिश्रणात निम्म्याहून जास्त भाग प्युमिस, परलाइट, जाड वाळू असा असेल तरच मॅट वापरा. चिकट मातीला खालून ऊब दिली तर बुरशीला आमंत्रण.

खत मॅट सुरू करतानाच, हळूहळू विरघळणारं आणि सूक्ष्म द्रव्यं असलेलं, थोडं. नवी पानं पिवळट आणि चुरगळलेली आली तर मँगनीज कमी पडतंय. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडत असतील तर बहुतेक मॅग्नेशियम. मँगनीज झुपका यायच्या आधी द्यावं लागतं, आलेल्या पानांना त्याचा उपयोग नाही.

जुनी पानं सगळी छाटली की नवा झुपका लवकर येतो, हा सल्ला सर्रास दिला जातो. वणव्यात जुनी पानं जळून गेल्यावर काही सायकड जोमाने पालवतात हे खरं आहे, त्यावरून तो आला असावा. पण तिथे त्यानंतर कडक ऊन आणि ऊब मिळते. थंड प्रदेशात हिरवं पान हीच झाडाची एकमेव कमाई. ती कापून टाकून वर उबेने त्याला जागं करणं मला पटत नाही. खवले कीड इतकी माजली की पान वाचवण्यात अर्थ उरला नाही, तेवढ्यापुरताच मी कात्री लावेन. आणि हो, मॅटच्या दिवसांत पानांची खालची बाजू दर आठवड्याला बघा. कोरड्या ऊबदार कोपऱ्यात पिठ्या ढेकूण फार लवकर जमतो.

घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर मात्र आधी विचार करा. ऊबदार मॅट त्यांना बसायला आवडते, आणि सायकडचा प्रत्येक भाग विषारी असतो, बिया तर सर्वांत जास्त. थोडं चघळलं तरी यकृतावर बेततं. माझी मॅट म्हणूनच बंद दाराआड, उंच फळीवर आहे.

तक्रारी दोन. वायर आखूड आहे, आणि पाण्याच्या जागी एक्स्टेन्शन बोर्ड खाली पडून राहणं मला मान्य नाही, म्हणून तो भिंतीवर उंच लावून घ्यावा लागला. दुसरं म्हणजे जड कुंडी महिनोन्‌महिने ठेवल्यावर मॅटवर वळ उठलाय. अजून ती सारखी तापते, पण घडी मोडल्यासारखी रेघ दिसली तर ती वापरातून काढेन.

रात्री पारा पंधराच्या खाली जाईनासा झाला की मॅट बंद करते. तोवर कुंड्यांना उन्हाची ऊब पुरू लागलेली असते. रिकामी झालेली मॅट आता डायूनच्या बियांसाठी लावणार आहे. त्यांना २७-२८ अंशांची सलग ऊब लागते, आणि वरचा गर काढताना हातमोजे.