मूडच्या नोंदी ठेवणारं ॲप: पालकांची खिडकी बंद केली, मग कामाला आलं

मुलगी चौदाची. दार आपटायचं, आणि विचारलं की "काही नाही गं आई". समुपदेशक ताईंनी हे ॲप सुचवलं. नाव लिहीत नाही, कारण तक्रारही करायची आहे.

चार महिने झाले. पडद्यावर एक चौकोन येतो: आडवं बघाल तर त्रासदायक ते सुखद, उभं बघाल तर अंगातला जोर कमी ते जास्त. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांची १९८० सालची भावनांची मांडणी हीच. बोट टेकवलं की शब्द येतात: खट्टू, धास्तावलेली, ओशाळलेली, धुमसणारी. सगळ्याला "मूड ऑफ" म्हणणारी आमची बया आता हिरमुसणं आणि धुमसणं वेगळं सांगते. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची (भीतीसारख्या भावनांशी जोडलेला भाग) खळबळ कमी होते, असं मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात दिसलं होतं.

आता तक्रार. 'पालकांची खिडकी' आधीपासूनच चालू असते, म्हणजे तिची प्रत्येक नोंद माझ्या फोनवर. एका रात्री तिने "चिडलेय" नोंदवलं आणि मी दोन मिनिटांत तिच्या दारात! त्यानंतर सलग तेरा दिवस "छान". असला सरळसोट आलेख मी जन्मात पाहिला नव्हता.

शेवटी तिच्यासमोर फोन ठेवला, खिडकी तिनेच बंद केली. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर मोठ्या माणसाला सांगायचं, एवढी एकच अट, तीही दोघींनी मिळून ठरवलेली. डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ स्वायत्तता म्हणजे एकटं पडणं नव्हे, आपल्या मर्जीने वागणं असं म्हणतात. मला ते तेव्हा कळलं. ॲपमध्ये 'विश्वासातलं माणूस' तिने निवडलं, तर पहिली मावशी, दुसरी मी. टोचलं. असो.

नोंद करायची ॲपची आठवण रात्री दहाला वाजायची. रात्रीच्या नोंदी काळ्याकुट्ट, आणि सकाळी वाचून तिलाच हसू. तिने आपणहून ती वेळ दुपारची केली. एक दिवस चुकला की सलग दिवसांचा आकडा शून्यावर येतो, हे मात्र परीक्षेच्या दिवसांत नुसतं डोक्याला ताप.

पाचपैकी साडेतीन तारे. घेणार असाल तर आधी सेटिंग्जमध्ये जाऊन ती खिडकी बंद करा, आणि फोन मुलांच्या हातात द्या.